कोकमाच्या बिया फेकू नका: आमसूल, आगळ आणि मुठेल घरी कसं करायचं आणि कशाला वापरायचं

मे महिन्यात कुडाळ-सावंतवाडीकडं गेलात तर प्रत्येक अंगणात एक सीन दिसतोच. लालभडक रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडून सालं तट्ट्यावर वाळत घातलेली, गर बादलीत, पोरांचे हात मनगटापर्यंत जांभळे, आणि बिया? त्या हल्ली सरळ परसात फेकलेल्या असतात नाहीतर कचऱ्याच्या गाडीत जातात. माझी आजी असती तर तिनं आख्खं घर डोक्यावर घेतलं असतं, कारण तिच्या मते कोकमाचं खरं औषध सालीत नाही, बीत. सालीचं आमसूल बाजारात पैसे दिले की मिळतं रे झिला, पण बीचं मुठेल घरातच करूचा लागता, असं ती म्हणायची. हा लेख त्या मुठेलासाठीच, म्हणजे बियांच्या घट्ट तेलासाठी, लिहायला घेतला होता, पण आमसूल (वाळवलेली साल) आणि आगळ (मिठातला अर्क) सोडून मुठेल सांगता येत नाही, कारण तिन्ही एकाच बैठकीत होतात. म्हणून सगळंच लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी झाड ओळखू

कोकम, रातांबा, गोव्यात भिरंड, शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. मँगोस्टीनच्याच कुळातलं, म्हणजे ते महागडं परदेशी फळ आपल्या रातांब्याचा चुलतभाऊ. मूळ घर पश्चिम घाट आणि त्याच्या पायथ्याचा पट्टा: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, कारवार आणि तिथून खाली केरळापर्यंत. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय. झाड सदाहरित, शेंड्याकडं निमुळतं, फांद्या खाली झुकलेल्या, पानं गडद हिरवी चकचकीत आणि कोवळी पालवी तांबूस. खात्री करायची असेल तर पान चावून बघा, आंबट लागतं. फळ लिंबाएवढं, पिकलं की लाल ते जवळजवळ काळपट जांभळं, आत पांढरट आंबटगोड गर आणि त्यात ५ ते ८ बिया.

केरळात मासळीच्या कालवणात जी कुडमपुळी घालतात ती ह्याच वंशातली पण वेगळी जात, गार्सिनिया गमी-गट्टा. वजन कमी करायच्या गोळ्यांवर ‘गार्सिनिया’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा हिचं. तो विषय शेवटी घेतो, कारण त्यात गडबड आहे.

जुन्या ग्रंथांत कोकमाला वृक्षाम्ल म्हटलंय. चरकसंहितेत हृद्य म्हणजे हृदयाला हितकर अशा दहा द्रव्यांचा जो गट आहे त्यात आंबा, डाळिंब, महाळुंग यांच्या पंगतीत वृक्षाम्ल बसलेलं आहे. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या पुस्तकात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं पण भिरंडाची नोंद केलीय, त्यानं नाव लिहिलंय ‘ब्रिंदाँव’, म्हणजे तेव्हापासून हे फळ वैद्यांच्या नजरेत होतं.

एक गंमत मात्र सांगायलाच हवी. आपण सगळे कोकम ‘थंड’ म्हणून पितो आणि पित्तावर घेतो. भावप्रकाशात मात्र कच्चं वृक्षाम्ल आंबट, उष्ण, वाताला मारणारं पण कफ-पित्त वाढवणारं सांगितलंय, आणि पिकलेलं संग्राही म्हणजे जुलाब धरून ठेवणारं. मग घरोघरचा अनुभव खोटा का? तसं नाही. आपण वापरतो ते पिकलेलंच असतं, तेही भरपूर पाण्यात, जिरं-साखर घालून. पण ज्याला ॲसिडिटीनं छातीत आग होतेय त्यानं रिकाम्या पोटी आगळीचा घट्ट ग्लास मारला तर आग वाढूच शकते, हे मी स्वतः एकदा भोगलंय. तेव्हा ‘कोकम म्हणजे पित्तावर रामबाण’ असं डोळे मिटून धरून चालू नका.

फळं कधी आणि कशी काढायची

मोसम एप्रिल ते जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. आमच्याकडं हिशोब साधा आहे, अक्षय्य तृतीयेनंतर सुरू आणि मृगाच्या आत आटोपलं पाहिजे. एकदा पाऊस पडला की फळ कुजतं आणि वाळवायला ऊनही राहत नाही. पूर्ण लाल झालेलीच काढा, अर्धवट हिरवी काढली तर सालीला रंग येत नाही. खाली पडलेली चालतात पण त्याच दिवशीची, फुटलेली नकोत. मुंबई-पुण्यात राहत असाल तर मेमध्ये कोकणातून येणाऱ्या आंब्याच्या गाडीवाल्याला सांगून ठेवा, पेटीबरोबर पाच किलो रातांबे सहज येतात आणि आंब्याच्या मानानं फारच स्वस्त.

पाच किलो धरून पुढचं सगळं सांगतो.

फळं धुऊन फडक्यानं कोरडी करा, पाण्याचा अंश राहिला तर बुरशी येते. मग आडवी चिरून दोन वाट्या करा. गर आणि बिया एका भांड्यात, साली दुसऱ्या भांड्यात. भांडं स्टीलचं, काचेचं, चिनी मातीचं किंवा फूड ग्रेड प्लास्टिकचं. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ अजिबात नाही. कोकमाचा रस जबरदस्त आम्लधर्मी असतो, तो धातू खातो. आजीचं वाक्य ठरलेलं, “पितळेत ठेवलंस तर कळकतला, मगे पोटात दुखला म्हणान माझ्याकडे येव नको.” हाताला कापलेलं असेल तर ग्लोव्ह्ज घाला, नाहीतर अशी चुरचुर होते की विचारू नका. आणि जुने कपडे घाला, हा डाग जात नाही.

आमसूल: पूट देणं हीच खरी कला

गर-बियांच्या भांड्यात पाव किलो जाडं मीठ घालून हातानं चांगलं कुस्करा. तासाभरात रस सुटतो. हा रस रोवळीतून नाहीतर मोठ्या गाळणीतून गाळून घ्या आणि बिया बाजूला ठेवा. पुन्हा सांगतो, बिया बाजूला ठेवा, फेकू नका.

आता साली उन्हात एक दिवस वाळवा. संध्याकाळी त्या गोळा करून ह्या खारट रसात बुडवा, रात्रभर मुरू द्या, सकाळी निथळून परत उन्हात. ह्याला पूट देणं म्हणतात. असे पाच ते सात पूट. प्रत्येक पुटाला साल जास्त काळी आणि जास्त आंबट होत जाते. बाजारात जे फिक्कट तपकिरी, कडकडीत आमसूल मिळतं ना त्याला एक-दोनच पूट दिलेले असतात, वजन भरायचं आणि मोकळं व्हायचं. चांगलं आमसूल काळपट, मऊसर, दुमडलं तरी न मोडणारं आणि बोटांना किंचित चिकटणारं असतं.

शहरात ऊन कमी मिळत असेल तर पंख्याखाली वाळवायचा प्रयत्न करू नका, मी केलाय, चौथ्या दिवशी पांढरी बुरशी. बाल्कनीत जेवढे तास ऊन येतं तेवढे तास ठेवा आणि रात्री रसात बुडवून झाकून फ्रीजमध्ये ठेवा, दिवस जास्त लागतील पण होतं. शेवटी दोन दिवस खडखडीत वाळवून काचेच्या बरणीत भरा. पाच किलोंचं आमच्याकडं जेमतेम पाऊण किलो आमसूल उतरतं, दोन वर्षं आरामात टिकतं, आणि जुनं झालं की औषधाला जास्त चांगलं असं गावात मानतात.

आगळ आणि सरबत, थोडक्यात

आगळ म्हणजे मिठातला कोकमाचा अर्क. ह्याला वाळवायची भानगड नाही. किलोभर पिकलेल्या रातांब्यांच्या वाट्या गरासकट (बिया काढून) बरणीत भरा, १५० ते २०० ग्रॅम मीठ थरांमध्ये घाला, तोंडाला फडकं बांधा आणि ७-८ दिवस रोज लाकडी चमच्यानं खालीवर करा. मग गाळून बाटलीत. मीठ कमी केलंत तर आंबून फसफसतं, त्यामुळे हात आखडता घेऊ नका.

सरबताला मीठाऐवजी साखर: किलोभर सालींना दोन किलो साखर, थरावर थर, आठवडाभर, गाळा, भाजलेल्या जिऱ्याची पूड दोन चमचे आणि चिमूटभर मीठ. चव उत्तम, पण औषध म्हणून धरू नका. एकास दोन साखर असलेली गोष्ट डायबेटीसवाल्यानं ‘कोकम आहे ना’ म्हणून पिणं म्हणजे स्वतःलाच फसवणं.

बाजारची आगळ घेतलीत तर घरच्या घरी एक चाचणी करा. चमचाभर आगळ पाण्यात मिसळून त्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या नैसर्गिक रंगद्रव्याचा असतो आणि तो आम्ल कमी झालं की बदलतो, म्हणजे फसफसून झालं की पाणी जांभळट-निळसर, कधी हिरवट-करडं होतं. सोडा घालून लालचा लालच राहिला तर बाटलीत कृत्रिम रंग आहे असा संशय घ्यायला जागा आहे. लॅबची टेस्ट नाही ही, पण डोळे उघडायला पुरते. सोलकढी नारळाच्या दुधात तशी मस्त गुलाबी-जांभळी का दिसते त्याचं गुपित पण हेच.

आता मुठेल

कोकमाच्या बीत चांगलं घट्ट तेल असतं. कोकमतेल, मुठेल, गोव्याकडं भिरंडेल. थंड झाल्यावर मेणासारखं कडक होतं, आणि पूर्वी मुठीत दाबून त्याचे गोळे करायचे म्हणून मुठेल. साधारण ३८ ते ४० डिग्रीला वितळतं, म्हणजे बरणीत दगड आणि अंगावर चोळलं की विरघळलं. ह्या एका गुणासाठी आता कॉस्मेटिक कंपन्या ‘कोकम बटर’ नावानं लिप बाम, क्रीममध्ये घालतात आणि आपण बिया उकिरड्यावर टाकून तेच दुकानातून विकत आणतो.

करायला वेळ लागतो, अवघड काही नाही.

१. गाळून ठेवलेल्या बियांना चिकट गर असतो. भरपूर पाण्यात चोळून धुवा. आमच्याकडं चुलीची राख लावून चोळतात, गर पटकन सुटतो. शहरात राख कुठून आणणार, दोन-तीन पाण्यांनी धुतलं तरी चालतं.

२. कडक उन्हात ५-६ दिवस वाळवा. बी कानाजवळ हलवली की आतला गर खुळखुळला पाहिजे. पावसाच्या आत एवढंच करून डब्यात भरून ठेवलं तरी चालतं, तेल दिवाळीच्या सुमारास निवांत काढता येतं. आजी तेच करायची, कारण टाचांना भेगा पडायला सुरुवात तेव्हाच होते.

३. बिया पाट्यावर हलक्या हातानं ठेचून टरफल काढा आणि सुपात पाखडा. हे सगळ्यात कंटाळवाणं काम, टीव्हीसमोर बसून करा. टरफलं थोडी राहिली तर बिघडत नाही.

४. आतला गर उखळात कुटा, किंवा मिक्सरला थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलंत तर तेल सुटून पात्याला गोळा चिकटतो आणि मोटर जळायचा वास येतो. ओलसर जाडसर लगदा हवा.

५. लगद्याच्या तीन-चार पट पाणी पातेल्यात उकळायला ठेवा, उकळी आली की लगदा सोडा, आणि मंद आचेवर तास-दीड तास उकळू द्या. अधूनमधून ढवळा, पाणी आटलं तर गरम पाणी घाला, गार नको. वर तेलाचा तवंग यायला लागतो.

६. गॅस बंद, झाकण, रात्रभर हात लावू नका. सकाळी वर पिवळट-पांढरी साय घट्ट झालेली असते. ती अलगद काढा. पाणी-पेंड परत एकदा उकळलं तर थोडं आणखी निघतं.

७. काढलेल्या थरात पाणी असतं, ते गेलं नाही तर मुठेल खवट होतं. म्हणून लहान कढईत अगदी मंद आचेवर वितळवा, तडतड थांबेपर्यंत. मग सुती कापडातून गाळून वाटीत, करवंटीत किंवा सिलिकॉनच्या साच्यात ओता.

किलोभर सुक्या बियांतून घरच्या पद्धतीनं आम्हाला दीडशे ते दोनशे ग्रॅम मिळतं. कमी वाटतं, पण चार माणसांच्या घराला हिवाळाभर पुरतं. रंग पिवळट-करडा, वास हलका. बाजारचं पांढरंशुभ्र, बिनवासाचं असतं कारण ते रिफाइंड असतं, ते वाईट नाही. विकत घेताना एवढंच बघा की नखानं दाबलं तर रुततं का. अस्सल मुठेल साध्या हवेत कडक असतं, चॉकलेटसारखं तुटतं. लोण्यासारखं मऊ निघालं तर त्यात दुसरं काहीतरी आहे.

कशाला काय वापरायचं

इथंच बहुतेक लोक घोळ घालतात. साल, रस आणि तेल ह्यांची कामं वेगळी आहेत. साल-रस पोटासाठी आणि अंगावर उठणाऱ्या पित्तासाठी, तेल मुख्यतः त्वचेसाठी. आगळ टाचेला लावून उपयोग नाही.

टाचांच्या भेगा. मुठेलाचं नंबर एकचं काम. झोपायच्या आधी कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं पाय ठेवा, वज्रीनं मेलेली कातडी हलकेच घासा, पुसून पूर्ण कोरडे करा. पळीत सुपारीएवढं मुठेल वितळवा, बोटाला सोसेल एवढं कोमट झालं की भेगांमध्ये थेंब थेंब सोडा आणि वरून चोळा. सुती मोजे घालून झोपा. मोजे नाही घातले तर चादरीला तर लागेलच आणि बाथरूममध्ये घसराल ते वेगळं, हे गमतीनं नाही सांगत. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून ठणका कमी होतो, आठ-दहा रात्रींत भेगा भरत येतात. भेगांतून रक्त-पू येत असेल, किंवा डायबेटीस असेल आणि पायाची संवेदना कमी असेल, तर हा प्रयोग करू नका, आधी डॉक्टरला पाय दाखवा. डायबेटीसवाल्याच्या पायाची साधी भेग साधी नसते.

फुटलेले ओठ, कोरडे कोपर, भांडी घासून रखरखीत झालेले हात, ह्यालाही तेच, वितळवायची पण गरज नाही, गोळा नुसता फिरवला तरी अंगाच्या उबेनं लागतो. ओठांसाठी नुसतं मुठेल जरा कडक पडतं, त्यात अर्धं खोबरेल वितळवून छोट्या डबीत भरलं की मस्त बाम होतो. तेलकट चेहऱ्यावर आणि मुरुमांवर मी लावणार नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही.

भाजल्यावर. गावात भाजल्या भाजल्या कोकमतेल थापतात. इथं मी आजीच्या विरुद्ध जातो. ताज्या भाजलेल्या जागेवर तेल, तूप, टूथपेस्ट काहीही लावायचं नाही, वीस मिनिटं नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचं, आणि मोठा फोड असेल, चेहरा-हात-सांधा असेल तर दवाखाना. जखम पूर्ण भरून कातडी आली आणि ती खेचल्यासारखी कोरडी वाटायला लागली की मग मुठेल लावा, तिथं ते छान काम करतं.

अंगावर पित्त उठणं, म्हणजे गांधी येणं. हा आमसुलाचा प्रांत. ८-१० आमसुलं दोन कप कोमट पाण्यात अर्धा तास भिजत घाला, चांगली कुस्करा, गाळा. अर्ध्या पाण्यात चमचाभर साखर आणि जिरेपूड घालून प्या. उरलेलं अर्धं गार झालं की कापसानं गांधींवर लावा, पंधरा-वीस मिनिटांनी साध्या पाण्यानं धुऊन टाका. खाज बऱ्याचदा शमते. खाजवून सोललं असेल तिथं लावू नका, आग होईल. आणि जुना टॉवेल घ्या. पण ओठ-डोळे सुजलेत, आवाज घोगरा झालाय, श्वास लागतोय, असं काहीही असेल तर आमसूल भिजवत बसायचं नाही, रिक्षा बोलवायची आणि थेट इमर्जन्सी गाठायची. ती ॲलर्जी जीवघेणी असू शकते. गांधी सहा आठवड्यांपेक्षा जास्त दिवस येत-जात असतील तरी डॉक्टरकडं जा.

अपचन, तोंडाला चव नसणं, उन्हाची काहिली. ह्याला तिवळ. चार-पाच आमसुलं दोन ग्लास पाण्यात भिजवून कुस्करायची, त्यात मीठ, किंचित साखर, जिरं, ठेचलेली हिरवी मिरची आणि कोथिंबीर. जेवताना किंवा जेवणानंतर, रिकाम्या पोटी नाही. नारळाच्या दुधाची सोलकढी करायची तर एका नारळाचं दाट दूध, आठ-दहा आमसुलांचं पाणी किंवा तीन-चार चमचे आगळ, लसूण-मिरची ठेचून. आगळ घातलीत तर वेगळं मीठ चाखून मगच. आणि एकदा दोन्ही मिसळलं की गॅसवर ठेवायचं नाही, फुटतं. नारळाशिवाय फोडणी दिलेली ती फुटी कढी, आजारातून उठलेल्या माणसाला भाताबरोबर तीच जास्त झेपते.

जुलाब, आव. जुनी पद्धत अशी की गरम मऊ भातात किंवा पेजेत अर्धा चमचा मुठेल घालून द्यायचं. संग्राही वगैरे जे ग्रंथात आहे त्याच्याशी हे जुळतं. मी स्वतः हे लहानपणी खाल्लंय, चव तुपासारखी पण जिभेला मेणचट. मात्र जुलाबात खरी काळजी पाणी कमी होण्याची, त्यामुळं ओआरएस आधी, बाकी सगळं नंतर. रक्त पडतंय, ताप आहे, बाळ आहे किंवा म्हातारं माणूस आहे, तर घरात प्रयोग नकोत. खाण्यासाठी वापरणार असाल तर मुठेल घरचं किंवा खाद्य म्हणून विकलेलंच हवं, कॉस्मेटिकवालं नाही.

कोणी जपून, आणि त्या गोळ्यांचं काय

बीपी आणि किडनीवाल्यांनी आगळीपासून लांबच राहावं, कारण ती म्हणजे जवळजवळ मिठाचं पाणी. त्यांच्यासाठी आमसूल, तेही धुऊन भिजवलेलं आणि वरून मीठ न घालता. दातांना सेन्सिटिव्हिटी असेल तर कोकम पिऊन झालं की साध्या पाण्यानं खळखळून चूळ भरा, लगेच ब्रश करू नका. गरोदर बाईनं जेवणातली सोलकढी प्यायला हरकत नसते, औषध म्हणून रोज ग्लासभर मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

आता वजन कमी करायच्या गोळ्या. कोकमाच्या आणि कुडमपुळीच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक ॲसिड नावाचं आम्ल असतं, लेबलवर एचसीए लिहितात. तेच काढून, घट्ट करून कॅप्सूलमध्ये भरतात आणि चरबी वितळते म्हणून विकतात. वजन त्यानं ठळक उतरल्याचा पक्का पुरावा नाही, उलट गार्सिनियाच्या अशा सप्लिमेंटनंतर यकृताला इजा झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. जेवणात चार आमसुलं घालणं आणि रोज अर्काच्या दोन-तीन कॅप्सूल गिळणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या ओळखीतल्या दोघांनी ‘आपलंच कोकणातलं कोकम आहे, नॅचरल आहे’ म्हणून महिना-दोन महिने घेतल्या, वजन तसंच राहिलं, पैसे गेले.

झाड लावायचंय?

लावाच, पण बीपासून नको. कोकमाची नर आणि मादी झाडं वेगळी असतात आणि बीपासून आलेल्या रोपांत जवळजवळ निम्मी नर निघतात, कळतं कधी तर सात-आठ वर्षांनी फूल आल्यावर. आमच्या मागच्या कुंपणाला वडिलांनी लावलेलं एक असंच आहे, पंचवीस वर्षं सावली देतंय, फळ एक नाही. म्हणून कलम घ्या. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानं ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातिस’ अशा जाती काढल्यात, कलमं सरकारमान्य नर्सरीतूनच घ्या, रस्त्याकडेच्या टेम्पोवाल्याकडून नाही. दोन-दोन फुटांचा खड्डा, तळाला शेणखत, दोन झाडांत वीस फूट अंतर, पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात सावली आणि पाणी. पाचेक वर्षांत फळ. जास्त झाडं लावणार असाल तर वीसेक माद्यांमागे एक-दोन नर हवेच, परागासाठी. त्यामुळं कुंपणाचं ते नर झाड तोडायचं मी दर वर्षी टाळतो.

आणि हो, तेल काढून उरलेली पेंड. ती पण टाकायची नाही. गाळून वाळवा आणि माडाच्या नाहीतर कुंडीतल्या झाडाच्या मुळात घाला, थोडी थोडी. डोंबिवलीच्या बाल्कनीत माझा कढीपत्ता त्यावरच चाललाय. पहिल्या वेळी मी ती ओलीच घातली होती, आठ दिवसांत कुंडीला असा वास सुटला की शेजारच्या काकूंनी बेल वाजवून विचारलं काय मेलंय का. वाळवून घाला.